सावलीची वही

शाळा सोडली म्हणजे विज्ञानही सुटले काय? हा प्रश्न माझ्या ताईने मला उज्जैनहून विचारला. यजमानांच्या फिरतीच्या नोकरीमुळे तिने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घरीच शिकवावयाचे ठरविले होते. भाषा, इतिहास तिला जमत होते. विज्ञानाशी गाठ पडताच मात्र तिचा धीर सुटला. घरात ना प्रयोगशाळा, ना उपकरणे!

मी तिला वेधशाळेची आठवण करून दिली. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उज्जैनला ती बांधली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 साली तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील सम्राट यंत्र म्हणजे दगडविटांचे घड्याळच होय. त्याची तिरकस भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर असून क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 23 अंशांचा कोन करते. बाजूच्या वक्र पट्टीवर भिंतीची सावली पडते व वेळ दाखविते.

आम्ही नियम केले ते चारच. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा. दर रविवारी ठराविक वेळी निरीक्षण करून ते वहीत नोंदवावे. चुकीची वाटणारी नोंद खोडू नये. आणि मोठ्यांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. पहिला प्रश्न होता : यंत्रावरची वेळ आणि मनगटावरची वेळ एकच असते काय?

चौथा नियम मोडला तो मीच. नाताळच्या सुटीत मी तेथे गेलो, तेव्हा यंत्र घड्याळाच्या 27 मिनिटे मागे होते. मी लगेच गणित मांडले. भारताची प्रमाणवेळ 82½ रेखांशाची, उज्जैन पाऊणे शहात्तर रेखांशाजवळ. फरक पावणेसात अंश; अंशाला चार मिनिटे, म्हणून 27. प्राध्यापकी थाटात मी वही मिटली.

फेब्रुवारीच्या मध्यास भाच्याचा फोन आला. "मामा, आज 41 मिनिटे आली. तुझे 27 कुठे गेले? आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर 11 च होती!" ती 11 ची नोंद डिसेंबरातही त्याच वहीत होती, मी मागचे पान उलटलेच नव्हते. मुलाने मात्र इतके दिवस आपलेच काही चुकले असे मानले होते. माझ्या अर्धवट उत्तराने त्याची खरी नोंद खोटी ठरविली होती, याची मला लाज वाटली.

वस्तुतः पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तिचा वेग कमीजास्त होतो आणि तिचा अक्षही कललेला आहे. त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मानाने कधी सुमारे 16 मिनिटे पुढे, तर कधी 14 मिनिटे मागे असतो. यंत्राजवळ दुरुस्तीचे आकडे लिहिलेले आहेत. परंतु ते का, हा प्रश्न पडावयास स्वतःची वही लागते.

हा विचार काही नवा नव्हे. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांतून मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो पुढे पुष्कळ पसरला व 2002 पर्यंत चालला. त्या परीक्षेत पुस्तके व वह्या जवळ ठेवण्यास मुभा असे. घरी शिकणाऱ्या मुलालाही परीक्षेचे दार बंद नाही. वयाच्या 14 व्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी त्याला देता येते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बेळगावात वेधशाळा नाही. पण महाविद्यालयाच्या मैदानावर एक काठी ओळंब्यात उभी करावयास कितीसा खर्च येतो? तिची सावली सर्वांत आखूड होईल तो खरा मध्यान्ह. तो बाराच्या ठोक्याला होत नाही. केव्हा होतो, हे वर्षभर नोंदवून पाहा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस सावली काठीच्या बुडाशीच नाहीशी होईल. त्या दिवशी शेजारचे एखादे शाळकरी पोर बरोबर घ्या, त्याच्या हाती वही द्या. मात्र उत्तर सांगण्यापूर्वी त्याच्या वहीची मागची पाने अवश्य वाचा.