मुदत, उशीर आणि गुण

शाळा म्हटली की परीक्षा आली आणि परीक्षा म्हटली की गुण आले, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. परंतु अलीकडे गुणांच्या पाठोपाठ तिसरी एक गोष्ट आपल्या घरांत येऊन बसली आहे, ती म्हणजे मुदत. प्रकल्पाची वही अमुक तारखेस द्यावयाची, चाचणी अमुक आठवड्यात व्हावयाची, परीक्षेचा अर्ज अमुक दिवसापर्यंत भरावयाचा. तारीख चुकली की मुलास विषय येतो किंवा नाही, हा प्रश्न मागे पडतो आणि गुण मात्र जातात. दुबलगुंडी व आसपासच्या गावांतील आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांना याचा त्रास बराच होतो. म्हणून हे प्रकरण मुळात काय आहे ते येथे थोडे उलगडून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा प्रश्न असा नव्हता. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. मराठी माणसाने मराठीतून शिकावयाचे म्हणजे गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयासारख्या, 1907 साली लोकांनी उभ्या केलेल्या शाळेचा आधार शोधावा लागे. परीक्षा कठीण होती, पण तिची रीत सोपी होती. वर्षभराचा सारा हिशेब वर्षअखेरच्या काही तासांत चुकता व्हावयाचा. सुगीत महिनाभर शाळा बुडालेला मुलगा पुढे कंदिलाखाली पाठांतर करून ती तूट भरून काढू शकत असे. अर्थात ज्या मुलास नेमका परीक्षेच्याच दिवशी ताप आला, त्याचे सबंध वर्ष वाया जाई. जुने ते सर्व सोने होते, असे आमचे म्हणणे नाही.

1948 मध्ये निजामी राजवट गेली, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बीदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले, आणि त्या राज्याचे नाव 1973 पासून कर्नाटक झाले. परीक्षेच्या रीतीत मात्र खरा पालट झाला तो अगदी अलीकडे. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला व त्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. याचा सोपा अर्थ असा की, एका दिवसावर मुलाचे भवितव्य टांगू नये, वर्षभर त्याचे काम पाहत जावे. हेतू चांगला आहे याबद्दल दुमत नसावे. पण एका मोठ्या तारखेच्या जागी लहान लहान तारखा पुष्कळ आल्या, ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

आपल्या एस. एस. एल. सी. चेच पाहा. एकूण गुण 625. त्यांपैकी प्रथम भाषेचे 125, म्हणजे लेखी 100 व अंतर्गत 25. बाकीच्या पाच विषयांत लेखी 80 व अंतर्गत 20. हे अंतर्गत गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनांतून, म्हणजे शाळेत ज्यास एफ. ए. म्हणतात त्यांतून येतात आणि शाळेने ते मंडळाकडे ठरल्या मुदतीत नोंदवावे लागतात. म्हणजे मुदत मुलाला आहे तशी गुरुजींनाही आहे, आणि मुलाची वही उशिरा आली तर गुरुजी मधल्यामध्ये सापडतात. पालकमंडळी पुष्कळदा हे विसरतात.

आता आपल्याकडचा ऋतू ध्यानात घ्या. शाळा मृगाच्या तोंडावर सुरू होते. मूग-उडदाच्या शेंगा तोडणीस येतात त्या श्रावण-भाद्रपदात, आणि नेमक्या त्याच सुमारास पहिल्या-दुसऱ्या मूल्यमापनाची गडबड असते. शेंगा थांबत नाहीत. चार दिवस पाऊस लागला तर शेतातच कोंब फुटतात. घरात माणूस कमी असेल तर नववी-दहावीची पोर शेतावर जाते. दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या घरांतील मुले तर आईबापांबरोबर गावच सोडतात. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी साखरशाळा व हंगामी वसतिगृहे निघाली, ती याच कारणाने.

अशा मुलीचे एक मूल्यमापन बुडाले असे समजा. चार मूल्यमापनांत प्रत्येकी 20 पैकी गुण आहेत. तिला तिघांत 16, 15 व 17 मिळाले आणि चौथ्यात शून्य मांडले. सरासरी आली 12. ते शून्य मांडलेच नसते, तर तीन परीक्षांची सरासरी 16 होती. मुलीचे ज्ञान दोन्ही वेळां तेवढेच आहे. फरक पडला तो एका शून्याने. ‘काम आले नाही’ आणि ‘कामात काहीच येत नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, पण वहीत दोहोंची खूण एकच पडते. हेच या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते.

कोठे कोठे शून्याऐवजी दरदिवशी थोडे थोडे गुण कापण्याची रीत असते. ती दिसावयास सौम्य आहे. पण दररोज दहावा हिस्सा कापला तर पाचव्या दिवशी 80 गुणांची वही 40 ची होते, आणि गुणपत्रिका पाहणाऱ्यास ही मुलगी अर्धाच विषय जाणते असे वाटते. गुण हे ज्ञानाचे माप असावे. वक्तशीरपणा मोजावयाचा तर त्यासाठी निराळा रकाना ठेवावा. सोनाराच्या तराजूत पारड्यात सोने असते तेव्हा गिऱ्हाईक दुकानात किती वाजता आले, हे कोणी तोलत नाही.

याचा अर्थ मुदत नकोच, असा मात्र नव्हे. मुदत नसेल तर सर्व वह्या शेवटच्या आठवड्यात येऊन पडतील, गुरुजींस त्या वाचावयास मिळणार नाहीत आणि मुलास आपली चूक वेळेवर कळणार नाही. वही तपासून आठ दिवसांत परत मिळाली तर तिचा उपयोग. चार महिन्यांनी मिळाली तर ती रद्दीच. आमच्या मते शाळेने पहिली तारीख द्यावी, तिच्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी व अखेरची तारीख द्यावी, आणि मध्यंतरी वहीत शून्य न लिहिता ‘येणे बाकी’ असे लिहावे. व्यापारी माणूस उधारी बुडीत खात्यावर टाकण्यापूर्वी निदान एकदा तगादा लावतोच.

कायद्यासही ही दृष्टी अगदी परकी नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांस मिळाली, पण त्याबरोबर अट घातली की, अनुत्तीर्ण मुलास निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी दिली पाहिजे. कर्नाटकाने 2024 मध्ये एस. एस. एल. सी. च्या एका वर्षात तीन परीक्षा सुरू केल्या होत्या. ज्या विषयात ज्या परीक्षेत अधिक गुण, ते धरावयाचे. आमच्या मते ही सुधारणा फार चांगली आहे. पण सीमेवरच्या माणसास तिच्यातही एक खाच आहे. आपली कितीएक मुले दहावीनंतर उदगीर, लातूर, सोलापूरकडे जातात, आणि महाराष्ट्रातील अकरावीचे प्रवेश 2025 पासून सर्व राज्यात ऑनलाइन एकाच वेळापत्रकाने चालतात. पहिल्यानंतरच्या परीक्षेत पास झालेल्या मुलाचा निकाल हाती येईतो तिकडच्या पहिल्या फेऱ्या उरकून गेलेल्या असू शकतात. तेव्हा दोन्ही राज्यांची वेळापत्रके शेजारी ठेवूनच बेत करावा.

अंतर्गत गुणांचे वजन किती, हे महाराष्ट्राने स्वतः अनुभवून पाहिले. भाषा व समाजशास्त्रांतील 20 अंतर्गत गुण काढून टाकून मार्च 2019 ची दहावीची परीक्षा घेतली, तेव्हा आदल्या वर्षीचा 89.41 टक्क्यांचा निकाल 77.10 वर उतरला, आणि त्याच वर्षी ते गुण परत आणावे लागले. पुढे 2021 मध्ये महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे 50 व दहावीच्या वर्षातील लेखी-तोंडी कामाचे 50 अशा हिशेबाने निकाल लावला, तो 99.95 टक्के लागला. त्या वर्षी ज्या शाळांच्या वह्या-नोंदी वेळच्या वेळी झालेल्या होत्या, त्यांना धावपळ करावी लागली नाही.

उशीर केवळ मुलेच करतात असेही नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले, तेही परीक्षा तोंडावर असताना. विद्यापीठांच्या कायद्याने निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावावयाचा असतो. उत्तरपत्रिका लाखोंनी, प्राध्यापक नव्या रीतीस सरावलेले नाहीत. कुलपती या नात्याने राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली, आणि शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. पुढील शिक्षणास वा परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश टांगणीस लागले. अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. विद्यार्थ्याने परीक्षेचा अर्ज उशिरा भरला तर त्यास विलंब शुल्क भरावे लागते. विद्यापीठाने निकाल उशिरा लावला तर विद्यार्थ्यास काय मिळावे, याचे कोष्टक मात्र आमच्या पाहण्यात नाही.

आता घरच्या मंडळींनी काय करावे? शाळेच्या सूचना आपल्याकडे बहुधा कन्नडात येतात, आणि आपल्या घरांतील पुष्कळ आयाबायांस केवळ मराठी वाचता येते. तारीख कळते ती मूल सांगेल तेव्हा, आणि मूल सांगते ते तारीख उलटल्यावर! तेव्हा सूचना आली की ज्यास कन्नड येते त्याच्याकडून त्याच दिवशी वाचून घ्यावी व भिंतीवरच्या पंचांगात त्या तारखेस खूण करावी. शेतीचे काम, लग्न, आजारपण यांमुळे वही द्यावयास उशीर होणार असे दिसले, तर मुदत संपण्यापूर्वी गुरुजींस भेटून चिठ्ठी द्यावी. आधी दिलेल्या चिठ्ठीचा विचार होतो. मागाहून सांगितलेली सबब खरी असली तरी तिचा उपयोग नसतो. दिलेल्या वहीची पोच घ्यावी. अंतर्गत गुण मंडळाकडे जाण्यापूर्वी ते मुलास पाहावयास मिळतात की नाही, हेही शाळेत जाऊन विचारावे. एकदा नोंद झाली म्हणजे दुरुस्ती फार अवघड. आणि परगावी कामास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाचे राहण्या-जेवणाचे येथेच कोणा नातलगाकडे जमते का, ते दिवाळीपूर्वी ठरवावे. तशी सोय नसेल त्यांनी ट्रस्टच्या सभासदांपैकी कोणासही दसऱ्याच्या सुमारास सांगून ठेवावे.