जुना गेमिंग संगणक : डागडुजी कीं नवी खरेदी?

घरांतला मुलगा गेमिंगचा संगणक मागूं लागला म्हणजे वडील मंडळी प्रथम किंमत विचारतात. आणि तोच संगणक सहा-सात वर्षांनीं कुंथूं लागला म्हणजे पुन्हा तोच प्रश्न निघतो. मधल्या काळांत मात्र त्या यंत्राचा संसार वाढलेला असतो. काकांचीं आयकराचीं विवरणपत्रें त्यावर भरलीं जातात, मुंजी-लग्नांचे फोटो त्यांत साठतात, धाकट्यांचा अभ्यासहि तेथेंच चालतो. म्हणून "खेळाचेंच तें, राहूं द्या तसेंच" हें उत्तर पुरत नाहीं. उलट, "जुनें झालें, नवें आणा" म्हणून लाखभर रुपये मोजणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. यंत्राचे सारे भाग एकाच वेळीं म्हातारे होत नाहींत. एक भाग मागें पडतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत खोळंबतात. तो भाग कोणता, आणि तो एकटाच बदलतां येईल कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हा प्रश्न पुष्कळ घरांत एकदमच उभा राहिला त्याला कारण घडलें. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा सांभाळ थांबविला. घरगुती ग्राहकांना नांव नोंदवून आणखी एका वर्षापुरत्या सुरक्षा-दुरुस्त्या तेवढ्या देऊं केल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मान्य यादींतला प्रोसेसर लागतो. त्याच महिन्यांत एन्व्हिडियानें जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांसाठीं नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देणें बंद केलें. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मात्र २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत देण्याचें कंपनीनें जाहीर केलें.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून काढा देत नाहीं. येथेंहि नाडी पाहण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती फुकट आहे. नेहमींचा खेळ चालू करून सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रें, उमटतात तो आंकडा टिपावा. मग चित्राचें माप १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावें. आंकडा चांगलाच वाढला तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा. जवळजवळ तेथेंच राहिला तर बहुधा प्रोसेसरचा. मात्र त्याआधीं व्ही-सिंक बंद करावें, नाहींतर साध्या पडद्यावर आंकडा ६० वर अडून बसेल आणि दोष भलत्याच्या माथीं जाईल. आंकडा एरवीं बरा असून नव्या दृश्यांत शिरतांना यंत्र अडखळत असेल, तर रॅम अपुरी असल्याचा किंवा खेळ जुन्या फिरत्या डिस्कवर ठेवल्याचा संशय घ्यावा. डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली कीं खेळणाऱ्याइतकाच हिशेब लिहिणाराहि सुखावतो.

कांहीं दोष तर पैशावांचून जातात. पंख्यांतली धूळ झाडावी. ३२०० वेगाची रॅम विकत घेऊनहि बायोसमधील एक्सएमपीची कळ न दाबल्यामुळें ती वर्षानुवर्षें २१३३ किंवा २४०० वरच चालते, असा प्रकार विरळा नाहीं. पडद्याची तार ग्राफिक्स कार्डाऐवजीं मदरबोर्डाला जोडलेली असली, तर महागाचें कार्ड आंत स्वस्थ बसून राहतें!

आतां दोन चुलतभावांचीं दोन यंत्रें कल्पूं या. एकांत २०१७ चा इंटेल कोर आय-५ ७५००, दुसऱ्यांत २०१८ चा एएमडी रायझन ५ २६०० आणि बी-४५० मदरबोर्ड. दोहोंत जीटीएक्स १०६० कार्ड. वयांत एका वर्षाचें अंतर, पण भवितव्य निराळें. इंटेलचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादींत नाहीं. शिवाय पुढच्याच पिढीचे प्रोसेसर त्याच ११५१ संपर्कबिंदूंचे असूनहि जुन्या बोर्डावर चालत नाहींत; कंपनीनें त्यांना नवा बोर्ड आवश्यक ठरविला. रायझन मात्र यादींत आहे; त्याचें टीपीएम बायोसमध्यें नुसतें झोंपलेलें असतें, तें जागें करावें लागतें. आणि त्याच एएम-४ बोर्डावर, बायोस अद्ययावत् केल्यावर, २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. कोर दोहोंतहि सहाच, पण नव्याचा प्रत्येक कोर पुष्कळच चपळ.

मग पहिल्या भावानें सारें मोडींत काढावें काय? मुळींच नाहीं. त्याची रॅम डीडीआर-४ जातीची असेल तर ती एएम-४ बोर्डावर चालते. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर एवढेच बदलून रॅम, पेटी व डिस्क राखतां येतात. २०२२ च्या सप्टेंबरांत आलेल्या एएम-५ बोर्डावर गेलें तर डीडीआर-५ रॅम नव्यानें घ्यावी लागते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे स्मृतिचिपांचा ओघ वळला व रॅमच्या किंमती भडकल्या. मायक्रॉननें तर त्या डिसेंबरांत 'क्रुशियल' नांवाचा किरकोळ व्यापार सोडण्याचें जाहीर केलें. अशा वेळीं घरांतली चांगली रॅम टाकून देणें म्हणजे दुष्काळांत तेरावा महिना ओढवून घेणें होय.

कार्डाविषयीं प्रथम मुलाला विचारावें कीं बाबा रे, तूं खेळतोस काय? काउंटर-स्ट्राइकसारखे सामने खेळत असेल तर १०६० अजून चालेल. पण डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा मे २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' खेळावयाचा असेल, तर त्यांना रे ट्रेसिंग करणारें कार्डच लागतें; तेथें जीटीएक्सची कितीहि मनधरणी केली तरी उपयोग नाहीं. स्वस्त दिसतें म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी घेऊं नये असें आमचें मत आहे. त्याला चारच लेन असल्यामुळें बी-४५० सारख्या पीसीआय ३.० च्या बोर्डावर त्याचा मार्ग निम्म्यानें अरुंद होतो, आणि त्याची ४ जीबी स्मृतीहि तोकडी पडते. आरएक्स ६६०० अथवा १२ जीबीचें आरटीएक्स ३०६० हीं जुन्या बोर्डाच्या जोडीला अधिक शोभतात. याहून फार भारी कार्ड जुन्या प्रोसेसरला जोडणें म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड.

पॉवर सप्लायची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं, आणि घात तेथेंच होतो. आरटीएक्स ३०६० स्वतः १७० वॅट घेतें. त्यासाठीं कंपनी ५५० वॅटचा सप्लाय सुचविते. पेटीबरोबर फुकट आलेला, बिननांवाचा डबा त्यावर भरंवसून ठेवूं नये. तो जळतांना शेजाऱ्यांनाहि घेऊन जाऊं शकतो.

हें सारें बारावीच्या परीक्षेनंतर करावें. घरचे फोटो व कागदपत्रें आधीं वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावींत. बोर्ड बदलावयाचा असेल तर विंडोजचा परवाना तत्पूर्वीं मायक्रोसॉफ्टच्या खात्याशीं जोडावा. बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलावयाचा असेल, तर जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच, आणि शक्यतों यूपीएसवर, बायोस अद्ययावत् करावें. मध्येंच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचें भय असतें. यंत्र एकदां नीट सुरू झालें म्हणजे मगच पेटी उघडावी.