पराभूतांची शंका

विधानसभेच्या २०२४ च्या निकालानंतर डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यातील महात्मा फुले वाड्यात उपोषण आरंभिले. नव्वदी ओलांडलेल्या या सत्याग्रहीचा आक्षेप मतयंत्रांवर आणि निवडणुकीतील पैशाच्या वापरावर होता. हरलेल्या पक्षांनीही तोच सूर लावला. अशा वेळी सदाशिव पेठेतल्या सुशिक्षितालाही प्रश्न पडतो : निकालावर शंका घेणे लोकशाहीला मारक नव्हे काय?

इतिहासाची साक्ष निराळी आहे. १९७१ साली रायबरेलीत राजनारायण लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्यांचे गाऱ्हाणे हसण्यावारी नेणे सोपे होते. परंतु त्यांनी न्यायालयात निवडणूक-अर्ज केला. प्रचारात सरकारी यंत्रणा राबविल्याचा त्यांचा मुद्दा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी ग्राह्य धरून पंतप्रधानांची निवड रद्द केली. पाठोपाठ आणीबाणी आली, कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तीच निवड वैध ठरविली. अखेरचा निवाडा १९७७ मध्ये मतदारांनी दिला. रायबरेलीने राजनारायणांना विजयी केले. पुण्याने १९७१ मध्ये काँग्रेसतर्फे निवडलेल्या मोहन धारियांना जनता पक्षातर्फे पुन्हा लोकसभेत धाडले.

म्हणून शंका हा विरोधकांचा हक्क आहे. ती पुराव्यानिशी मांडणे हे कर्तव्य. मात्र त्या अर्जाच्या निकालास चार वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. आयोगाने व न्यायालयांनी कागदपत्रे खुली करून वेळीच उत्तर दिले पाहिजे. सिद्ध न केलेला आरोप आणि न तपासलेली शंका, दोहोंनी मताचे मोल सारखेच घटते.