अंधारातला पालक

1966 साली अमेरिकेत आंद्रे जागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतून हरितलवकं वेगळी काढली आणि अंधारातच ती सामू 4 असलेल्या आंबट द्रावणात बुडवली. थोड्या वेळाने त्यांना झटकन सामू 8 च्या द्रावणात हलवलं. त्या दुसऱ्या द्रावणात एडीपी आणि फॉस्फेट होतं. एवढ्यावर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार झालं. उजेडाचा एक किरणही न पडता, जे काम पान उन्हात करतं ते अंधारात झालं.

हे वाचून आश्चर्य वाटलं नसेल, तर दोष शाळेतल्या समीकरणाचा. डावीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, उजवीकडे साखर आणि ऑक्सिजन, मध्ये बाण, बाणाच्या डोक्यावर ‘सूर्यप्रकाश’. सगळी गंमत त्या बाणात आहे, आणि नेमका बाणावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

प्रकाश स्वतः साखर बनवत नाही. तो आधी एटीपी आणि एनएडीपीएच हे दोन हमाल भरून देतो. साखरेचं काम त्यांच्या जिवावर चालतं. एटीपी म्हणजे एका रेणूला शेपटीसारखे जोडलेले तीन फॉस्फेट. ज्या स्फुरदासाठी शेतकरी सुपर फॉस्फेटची पोती आणतो, तोच स्फुरद इथे असतो. तिन्ही फॉस्फेटवर ऋण भार, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा कोंबावा तशी तिसऱ्याची गत. त्याला बसवायला जोर लागतो, आणि तो उठला की सगळ्यांनाच सुटल्यासारखं होतं. त्या सुटण्यातून पेशीची कामं होतात. तिसरा उठल्यावर उरतो तो एडीपी.

तिसऱ्याला कोंबतं कोण? कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ ही ऊर्जा पोचवणारा मधला कुणी रासायनिक दलाल शोधत होते. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. 1961 मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सुचवलं की मध्ये रेणू नाही, धरण आहे. बऱ्याच जणांना तेव्हा ते पटलं नाही. 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं.

धरण कसलं, ते अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या उदंचन प्रकल्पावरून लवकर कळतं. तिथे वीज शिल्लक असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि गरज पडली की तेच खाली सोडून टर्बाइन फिरवतात. हरितलवकात चपट्या पिशव्यांच्या चळती असतात. प्रकाश पडला की पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जाताना प्रोटॉन पिशवीत ढकलले जातात. आतला भाग आंबट होत जातो. हे झालं वर चढवलेलं पाणी. जागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी काय केलं, तर पंप बंद ठेवून टँकरने धरण भरलं! सामूमधला चार अंकांचा फरक म्हणजे प्रोटॉनच्या प्रमाणात दहा हजार पटींचा फरक. टर्बाइनला काय, पाणी कुठून आलं हे ती विचारत नाही.

आणि टर्बाइन हा शब्द इथे उपमा म्हणून वापरलेला नाही. एटीपी सिंथेज हे प्रथिन खरोखर फिरतं. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी एका जिवाणूतल्या अशाच यंत्राचा तुकडा काचेवर खिळवला, त्याच्या आसाला चमकणारा तंतू बांधला, त्याला एटीपी पुरवून उलटं चालवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू गरगर फिरताना पाहिला. पालकातल्या यंत्राच्या चकतीला चौदा दाते असतात. चौदा प्रोटॉन गेले की एक फेरा, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. म्हणजे एका एटीपीला पावणेपाचच्या जवळपास प्रोटॉन. निसर्गाला पूर्णांकांचं सोयरसुतक नाही.

पुढचा हिशोब अडतो तो इथेच. इलेक्ट्रॉनचा प्रवास संपतो तो एनएडीपीएच या दुसऱ्या हमालाच्या खांद्यावर. सहा कार्बनची एक साखर बनवायला 18 एटीपी आणि 12 एनएडीपीएच लागतात, म्हणजे तीनास दोन. पण वरच्या दात्यांच्या हिशोबाने, सरळ मार्गाने गेलेले इलेक्ट्रॉन दोन एनएडीपीएचमागे जेमतेम अडीच एटीपी देतात. तूट येते. मग पान काही इलेक्ट्रॉन शेवटाला पोचू न देता मागे फिरवतं. धरण आणखी भरतं, एटीपी मिळतं, एनएडीपीएच वाढत नाही. उसाची हौस तर याहून मोठी. तो कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडतो आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन दाटीने भरतो. या जादा खटाटोपामुळे 18 चा आकडा 30 वर जातो. म्हणून उसाच्या त्या आतल्या पेशींतली हरितलवकं मुख्यतः इलेक्ट्रॉन फिरवत एटीपी पाडण्याचंच काम करतात.

इतक्या कष्टाने बनवलेलं एटीपी पान मुळांना पाठवत नाही. तो साठवणीचा माल नाहीच. बनलं की खर्च. मुळांकडे जाते ती साखर, आणि मुळं ती जाळून, तशाच फिरत्या यंत्रावर, आपलं एटीपी आपण बनवतात. तुम्हीआम्हीही तेच करतो. शरीरात एका वेळी असणारं एटीपी फार थोडं, पण ते पुन्हापुन्हा भरलं जातं. दिवसाची बेरीज जवळपास आपल्या वजनाइतकी होते.

कोवळ्या मक्याच्या खालच्या पानांच्या कडा कधी जांभळट दिसल्या, तर थांबून बघा. थंडीनेही तसं होतं. पण जमिनीत एटीपीला लागणारा तो स्फुरद कमी असेल, तर वाढ अडते, बनलेली साखर पानातच साचते, आणि तो जांभळा रंग चढतो.