महाजालाची सूची आणि कर्जाची दुकाने

ग्रंथालयातील पुस्तकसूची आपल्या परिचयाची आहे. नवे पुस्तक आले की ग्रंथपाल ते चाळतो, विषय ठरवतो आणि कार्ड लिहितो. कार्डावर काय लिहायचे हे लेखक किंवा प्रकाशक ठरवत नाही. महाजालासाठीही अशीच सूची माणसांनी करावी, या कल्पनेतून जून १९९८ मध्ये अमेरिकेत रिच स्क्रेंटा, बॉब ट्रुएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी तो नेटस्केप कंपनीकडे गेला आणि 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' किंवा 'डीमॉझ' या नावाने प्रसिद्ध झाला. संपादनाचे काम स्वयंसेवक विनावेतन करीत. मार्च २०१७ मध्ये सूची बंद झाली, तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे होती.

फुलपाखरांच्या विभागात संपादकाला फारसा त्रास होत नसे. गृहकर्ज, विमा, क्रेडिट कार्ड या विभागांत मात्र त्याची कसोटी लागे. असे का? ही सूची कोणालाही मोफत वापरता येत असे. गूगलनेही २००० ते २०११ या काळात तिच्या आधारे आपली निर्देशिका चालवली. शिवाय एखाद्या पानाकडे इतर पाने किती बोट दाखवतात, यावर गूगल त्या पानाचे महत्त्व ठरवी. म्हणजे डीमॉझमधली एक नोंद अनेक ठिकाणी उतरणार आणि शोधात नाव वर येणार. कर्ज घेऊ पाहणारे एक गिऱ्हाईक गाठून देण्याबद्दल जिथे दलाली मिळते, तिथे अशा नोंदीसाठी झुंबड उडाली तर नवल नाही.

सुधारणा सुरू होई ती वर्णनापासून. समजा, अर्ज असा आला : 'सर्वांत कमी व्याज! झटपट कर्ज! लाखो समाधानी ग्राहक!' यात माहिती किती आहे? जवळजवळ शून्य. संपादक पान उघडून पाही आणि लिही : 'गृहकर्ज देणारी संस्था. व्याजदर, पात्रतेचे निकष आणि मासिक हप्ता काढण्याचे साधन.' विशेषणे गेली, नामे राहिली. शीर्षकात संस्थेचे खरे नावच हवे, असाही नियम होता. त्यालाही कारण होते. नोंदी वर्णानुक्रमे लागत, त्यामुळे पहिले अक्षर तीनतीनदा जोडून वरचा क्रमांक पटकावण्याचा मोह व्यापाऱ्यांना होई. (दूरध्वनीच्या जाड पुस्तकातली 'ए-वन' दुकाने आठवावीत.)

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, स्थळ नोंदवण्याजोगे आहे का? शंभर पानांवर तोच हप्ता-गणक, तोच व्याजदराचा तक्ता, फक्त रंग वेगळे. यासाठीची कसोटी आम्हाला फार आवडते. दुसरीकडून उचललेला मजकूर आणि दलालीचे दुवे मनातल्या मनात पुसून टाकायचे आणि उरते काय ते पाहायचे. कर्जाच्या अटी समजावून सांगणारा स्वतःचा लेख उरला, तर स्थळ दलालाचे असले तरी नोंद होऊ शके. काहीच उरले नाही, तर नोंद नाही.

नोंद झाली म्हणजे काम संपले असेही नाही. रोबोझिला नावाचा संगणकीय कार्यक्रम सूचीतले दुवे तपासून न उघडणारी पाने शोधी. पण एखादी पतसंस्था बंद पडली, तिच्या पत्त्याची मुदत संपली आणि तो दुसऱ्याच कोणी विकत घेऊन तिथे महागड्या कर्जाची जाहिरात लावली, तर? पान व्यवस्थित उघडते, म्हणून यंत्र समाधानी. जुने वर्णन मात्र वाचकाला भलत्याच दारात नेऊन सोडते. मेलेला दुवा परवडला, कारण तो निदान फसवत नाही. हा बदल वर्णन आणि पान शेजारी ठेवून वाचणाऱ्या माणसालाच दिसतो.

आणि तो माणूस कोण? गृहकर्जातले बारकावे ज्याला कळतात, तो बहुधा त्याच धंद्यातला असतो! म्हणून संपादकाने आपले हितसंबंध आधीच सांगावेत, असा दंडक होता. प्रत्येक फेरबदलाची नोंद राही आणि इतर संपादकांना ती पाहता येई. स्वतःचे दुकान पुढे करणाऱ्यांचे किंवा प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्यांचे संपादकपद जाई. याची किंमतही होतीच. तपासणी बारीक, हात थोडे, त्यामुळे चांगल्या स्थळांचे अर्जही रेंगाळत आणि बिनदलालीचा प्रामाणिक माणूस ताटकळे. आमच्या मते पैशांच्या विभागापुरता हा उशीर क्षम्य होता. सगळ्याच विभागांसाठी तसे म्हणता येणार नाही.

डीमॉझच्या संपादकांनी पुढे 'कर्ली' नावाने ही सूची चालू ठेवली आहे. वर्गात मात्र संगणकाशिवायही हे करून पाहता येईल. वर्तमानपत्रातल्या कर्जाच्या आणि ठेवींच्या पाच जाहिराती कापून आणायला सांगा. प्रत्येकीचे पंचवीस शब्दांत, एकही विशेषण न वापरता वर्णन लिहायचे. व्याज वार्षिक की मासिक, इतर आकार किती, देणारी संस्था कोणती, हे जाहिरातीत सापडले नाही तर तिथे कोरी जागा सोडायची. मग कोऱ्या जागा मोजायच्या.