नावे हरवू नयेत म्हणून : फाईल झिप करण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर कोणते निवडावे?

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे, पत्रे व कागदपत्रे पाठवावीत, असे आवाहन करण्यात आले तेव्हा प्रतिसाद एवढा उदंड येईल, असे आम्हांस वाटले नव्हते. पुणे-मुंबईहून ई-मेल आले, खेड्यापाड्यांतून पेन ड्राइव्ह आले, आणि एका माजी विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक सीडी आणून दिली. वसतिगृहाच्या पहिल्या काही तुकड्यांची चौसष्ट छायाचित्रे तिच्यात होती. ती त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी स्कॅन करून घेतली होती. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या मावशींच्या शेजारी बसून त्याने एकेका मुलाचे नाव विचारले होते आणि ती नावे मराठीत त्या-त्या फाईललाच दिली होती. दुसरी यादी त्याने केली नव्हती. पुढे दोन वेगवेगळ्या दुकानांत दोन वेगवेगळ्या संगणकांवर ही छायाचित्रे 'झिप' करून सीडीवर घेण्यात आली. मूळ संगणक कालांतराने फॉरमॅट झाला. मावशीही आता नाहीत.

सीडी उघडली तेव्हा छायाचित्रे उत्तम स्थितीत होती. नावांच्या जागी मात्र त्रेपन्न फाईलींवर रोमन अक्षरांचा व चित्रविचित्र चिन्हांचा गोंधळ होता आणि उरलेल्या अकरांवर नुसत्या अधोरेषा.

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाशी माझा संबंध निकालपत्रके व प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. परंतु या प्रसंगानंतर स्वस्थ बसवेना, म्हणून फाईली लहान करून एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी जे मिळेल ते वाचले, शाळेच्या जुन्या संगणकावर करून पाहिले आणि जाणत्या माजी विद्यार्थ्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम, फाईल लहान होते म्हणजे नेमके काय होते? सोलापूरकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी मागावर उभे राहिलेले आहे. जॅकार्डच्या मागावर चादर विणताना नक्षी कशी उमटते? भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकमेकांस बांधून त्यांची माळ केलेली असते आणि एकेक कार्ड एकेका आडव्या धाग्याला कोणते उभे धागे उचलायचे ते सांगते. पण चादरीच्या सबंध लांबीसाठी वेगळी कार्डे कोणी पाडत नाही. एका बुट्टीपुरती माळ करतात आणि तीच पुन्हा पुन्हा फिरते. झिप करणारे सॉफ्टवेअर असेच वागते. फाईलमध्ये एकदा आलेली अक्षरमालिका पुन्हा आली की ती पुन्हा लिहीत नाही. 'मागे इतक्या अंतरावर जा आणि तेथून इतकी अक्षरे उचल' एवढीच खूण करून ठेवते. ही रीत इस्रायलमधील अब्राहम लेम्पेल व याकोब झिव्ह या दोन संशोधकांनी १९७७ साली मांडली. तिच्या जोडीला दुसरी एक युक्ती असते : वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण आणि क्वचित येणाऱ्याला लांब खूण. ही डेव्हिड हफमन यांची, १९५२ सालची. हफमन तेव्हा अमेरिकेत एमआयटी येथे विद्यार्थी होते. अंतिम परीक्षा द्या किंवा निबंध लिहा, असा पर्याय प्राध्यापकांनी दिला होता. त्यांनी निबंध पत्करला आणि त्यात हे सापडले. (आमच्या दहावीच्या मुलांना ही हकीकत सांगितली, तर परीक्षेऐवजी निबंधाची मागणी होईल, ही भीती आहेच.)

यावरून एक गोष्ट उघड होते. जेथे पुनरावृत्ती आहे तेथेच फाईल लहान होईल. मराठी मजकूर याबाबतीत भाग्यवान आहे. युनिकोडच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट जागा लागते. रोमन अक्षराला एकच. 'विद्यार्थी' या शब्दात काना, वेलांटी व हलन्त मोजून दहा चिन्हे होतात, म्हणजे तीस बाइट. परंतु त्या तिहींपैकी पहिली बाइट सर्व देवनागरी चिन्हांना एकच असते आणि दुसरी दोहोंपैकी एक. एवढी पुनरावृत्ती असल्यावर साधा मराठी मजकूर झिप होताना चांगलाच आक्रसतो.

छायाचित्रांचे उलट आहे. मोबाइलने काढलेले जेपीईजी छायाचित्र आधीच दाबून लहान केलेले असते, त्यात उचलण्याजोगे काही उरलेले नसते. ते झिप केल्यास शेकडा एक-दोन टक्के फरक पडला तर पडला. स्कॅन करून केलेल्या बहुतेक पीडीएफ फाईलींचेही तेच, आणि अलीकडच्या वर्डची 'डॉक्स' फाईल तर आतून स्वतःच एक झिप असते. म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना दाखल्याची फाईल मोठी आहे असा संदेश आला, तर पालकांनी ती झिप करण्याच्या खटपटीत पडू नये. तेथे स्कॅन करतानाच रिझोल्यूशन कमी करावे लागते. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले, तर न दाबता त्याचे सुमारे २६ एमबी होतात. जीमेलवर एका पत्रासोबत २५ एमबीपेक्षा जास्त जोडता येत नाही. तेच पान जेपीईजी स्वरूपात ठेवले की साधारणतः एक-दोन एमबीत बसते.

मग छायाचित्रे झिप करायचीच कशाला? एकत्र बांधण्यासाठी. चौसष्ट सुट्या फाईलींतील एखादी वाटेत गळते, गठ्ठा गळत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली फाईल बारीक होऊन पोहोचते. झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोहोचते.

आता निवडीकडे वळू. विंडोज एक्सपीपासून विंडोजमध्येच झिप करण्याची सोय आहे. वेगळे काही बसवावे लागत नाही आणि घरगुती कामाला ती बहुधा पुरते. परंतु विंडोज सेव्हनपर्यंतच्या संगणकांवर मराठी नावाची फाईल झिप करू गेल्यास नावात न चालणारी अक्षरे आहेत, असे सांगून ती नकार देत असे. आपल्या शाळांतून व ग्रामपंचायतींतून असे संगणक अद्याप चालू आहेत, हे विसरून चालणार नाही.

विनरार पुष्कळांच्या संगणकावर असते आणि पुष्कळांना ते मोफत वाटते. ते मोफत नाही. चाळीस दिवस वापरून पाहण्याची मुभा आहे, त्यानंतर विकत घ्यावे अशी अट आहे. मुदत संपल्यावरही ते चालू राहते आणि फक्त आठवण करून देत राहते, हा त्याच्या कर्त्यांचा उदारपणा म्हणावा. पण जेथे मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा त्या संगणकखोलीत परवान्याशिवाय ते ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. दुसरी अडचण अशी की 'रार' हे स्वरूप त्या कर्त्यांच्या मालकीचे आहे. रार फाईल उघडण्याची मोफत साधने आहेत, पण तयार करण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडेच ठेवला आहे.

सेव्हन-झिप हे इगोर पाव्हलोव्ह या रशियन गृहस्थांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेले सॉफ्टवेअर. ते खऱ्या अर्थाने मोफत आहे. घरी, शाळेत, कचेरीत कोठेही वापरावे. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते. जाहिराती नाहीत. जुन्या विंडोजवर चालते, आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. दिसायला ते रुक्ष आहे, हे मान्य. ज्यांना थोडे देखणे हवे त्यांनी पीझिप पाहावे. तेही मुक्त व मोफत आहे. आमच्या शाळेत आम्ही सेव्हन-झिप बसवले. मात्र ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे : सातचा अंक, आडवी रेघ, झिप आणि शेवटी डॉट ऑर्ग. मिळत्याजुळत्या नावांची संकेतस्थळे आहेत आणि त्यांवरून सॉफ्टवेअरसोबत नको ते संगणकात शिरते. हे सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होत नाही, म्हणून वर्षातून दोनदा नवी आवृत्ती आपणच बसवावी. सुरक्षेतील त्रुटी नव्या आवृत्तीत दुरुस्त होत असतात.

सॉफ्टवेअर निवडले तरी दुसरा प्रश्न उरतोच : फाईल कोणत्या स्वरूपात बांधावी? सेव्हन-झिप स्वतःचे 'सेव्हन-झेड' स्वरूपही देते आणि मजकुरापुरते बोलायचे तर ते झिपपेक्षा लहान गठ्ठा करते. तरीही जपून ठेवायच्या कागदांसाठी मी झिप हेच स्वरूप सुचवीन. कारण असे की सेव्हन-झेडमध्ये सामान्यतः अनेक फाईली एकसंध दाबल्या जातात, त्यामुळे मध्ये कोठे बिघाड झाला तर त्यापुढील अनेक फाईली हातच्या जातात. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र दाबलेली असते, म्हणून एक बिघडली तरी बाकीच्या बहुधा वाचतात. दुसरे, फिल कॅट्झ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८९ साली झिप तयार केले तेव्हा त्याची रचना सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे आज विंडोज, मॅक, लिनक्स, मोबाइल सर्वत्र ती फाईल उघडते. गावातील सायबर कॅफेत उघडेल आणि वीस वर्षांनी कोणी नातू उघडू पाहील तेव्हाही उघडण्याचा संभव अधिक.

मग आमच्या सीडीवरील नावांचे काय झाले? दोष झिपच्या जुन्या रचनेत होता. मूळ झिप रोमन लिपी वापरणाऱ्या संगणकांसाठी घडले; देवनागरीचा विचार त्यात नव्हता. नावे युनिकोडमध्ये आहेत हे सांगणारी खूण २००६ साली त्या रचनेत आली आणि सर्व सॉफ्टवेअरांनी ती पाळायला आणखी काही वर्षे लागली. पहिल्या दुकानातील सॉफ्टवेअरने नावे युनिकोडमध्ये लिहिली होती, फक्त ती खूण केली नव्हती; म्हणून आमचा संगणक ती भलत्याच लिपीची समजून वाचत होता. आत अक्षरे शाबूत होती. पुण्यात संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सेव्हन-झिपला एका ओळीची आज्ञा दिली, 'ही नावे युनिकोड समजून वाच', आणि त्रेपन्न नावे पडद्यावर उमटली. त्या वेळी संगणकखोलीत आम्ही चौघे होतो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दुकानातील सॉफ्टवेअरला देवनागरी लिहिताच येत नव्हते. त्याने न समजलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकले आणि सीडीवरून उतरवताना त्याची अधोरेषा झाली. तेथे मागे काहीच राहिले नव्हते. नाव विचित्र दिसत असेल तर आशा असते. नुसती प्रश्नचिन्हे किंवा अधोरेषा असतील तर ते गेले, असे समजावे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते. त्या वसतिगृहाच्या हजेरीपटाचे एखादे पान हाती आले, तर त्याचे मोल काय असेल, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट, भोजनालयाचे हिशेब आता आम्ही स्कॅन करीत आहोत. अनुभवावरून काही पथ्ये ठरवली आहेत. फाईलीचे नाव मराठीत द्यावे, पण सर्व नावांची एक साधी यादी त्याच गठ्ठ्यात ठेवावी आणि तिची छापील प्रत कपाटात ठेवावी. गठ्ठा बांधून झाला की सेव्हन-झिपमधील 'टेस्ट' हे बटण दाबून तो धड आहे ना, हे पाहावे. मगच मूळ फाईलींना हात लावावा. पेन ड्राइव्हवर मावत नाही म्हणून गठ्ठ्याचे तुकडे करण्याची सोय आहे, ती पाठवण्यापुरती वापरावी. कायम जपायच्या गठ्ठ्याचे तुकडे करू नयेत, कारण एक तुकडा हरवला की गठ्ठा अपुराच राहतो. प्रती किमान तीन, आणि त्यांतील एक शाळेबाहेर.

पासवर्डविषयी सांगणे आवश्यक आहे. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक अशा प्रती पाठवताना पासवर्ड लावावाच आणि एईएस-२५६ ही पद्धत निवडावी. झिपची जुनी पद्धत कच्ची आहे. मात्र विंडोजच्या स्वतःच्या सोयीने असा गठ्ठा उघडेलच असे नाही, म्हणून ज्याला पाठवायचा त्याच्याकडे सेव्हन-झिप आहे ना, हे आधी विचारावे. पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहू नये, फोनवर सांगावा. विसरलेला पासवर्ड परत मिळवून देणारे कोणी नसते. म्हणून जुन्या छायाचित्रांना व शाळेच्या इतिहासाच्या कागदांना पासवर्ड लावू नये. तो लावणारा निवृत्त होतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

नावे न मिळालेली ती अकरा छायाचित्रे आम्ही या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर अनुक्रमांक घालून छापली आहेत. चौथ्या छायाचित्रात मुले पाण्याच्या टाकीजवळ रांगेत उभी आहेत. डावीकडून दुसऱ्या मुलाच्या हातात ढोलकी आहे. सातव्यात मावशींच्या कडेवर एक लहान मूल आहे, ते कोणाचे हे आम्हांस ठाऊक नाही. कोणास ओळख पटल्यास अनुक्रमांक व नाव शाळेच्या कार्यालयात कळवावे. चिठ्ठीवर लिहून पाठवले तरी चालेल.