घर बांधताना गवंड्याशी ठराव कसा करावा?



ऊस कारखान्याला गेला, कापूस विकला, हातात चार पैसे आले की घराचं मनावर घेतलं जातं. माल आपला आणि मजुरी उक्ती, अशी आपल्याकडे पद्धत. ती स्वस्त पडते खरी. पण मग देखरेख आपल्यालाच करावी लागते, हे विसरू नका.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी गवंड्याला निम्मी मजुरी आधीच उचल म्हणून दिली. भिंती छातीएवढ्या झाल्या आणि तो दुसऱ्या गावच्या कामावर गेला. मृग लागला तेव्हा घरावर छप्पर नव्हतं. त्या साली आमचं बियाणं शेजाऱ्याच्या पडवीत होतं. वडील आजही म्हणतात, "गवंडी वाईट नव्हता, ठराव वाईट होता."

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१) ठराव कागदावर करा. दर मापावर की एकूण कामावर? गिलाव्याच्या मापातून दारं-खिडक्या वजा होणार का? परांची, सेंट्रिंगच्या फळ्या, लोखंड बांधणी कोणाकडे? सगळं लिहा. दोन प्रती, दोघांच्या सह्या.

२) पैसे कामाच्या मागे चालावेत, पुढे नाही. पाया, जोतं, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे पाडा. दर वेळी वहीत तारीख घालून सही घ्या. शेकडा १० रुपये मागे ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला, गळती नाही असं दिसलं, की द्या. हेही ठरावातच लिहा.

३) कामाचा क्रम चुकवू नका. भिंत उठण्याआधी सुताराकडून चौकटी आलेल्या हव्यात. वायरमनचे पाइप स्लॅब ओतण्याआधी आणि नळाचे पाइप गिलाव्याआधी बसले पाहिजेत. नाहीतर नव्या भिंतीवर छिन्नी चालते आणि मजुरी दोनदा जाते. म्हणून प्रत्येकाला आठ दिवस आधी निरोप द्या.

४) स्लॅबच्या दिवशी घर सोडू नका. ५० किलोच्या पोत्याला वाळूतला ओलावा धरून ३० लिटरहून जास्त पाणी नको. पातळ माल ओतायला सोपा, पण स्लॅब कच्चा राहतो. पुढे निदान १० दिवस स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. टेकू १४ दिवस काढू देऊ नका. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे न्यायची घाई असते. उक्त्या कामात पाणी मारण्याचे वेगळे पैसे सहसा नसतात, म्हणून हे काम घरच्या माणसाने अंगावर घ्यावं.

शेवटचं एक. चूक दिसली तर बिगाऱ्यावर ओरडू नका, मिस्त्रीला बाजूला घेऊन बोला. आणि ठरलेला हप्ता बाजाराच्या आदल्या दिवशी न मागता द्या. ज्याचे पैसे वेळेवर मिळतात, त्याचं काम सोडून गवंडी सहसा जात नाही.